वारसा की संसर्ग? मुंबई इलाख्यातील कुष्ठरोगविचाराचा एक ऐतिहासिक आढावा

१. विषयप्रवेश

एका घरात राहणारी माणसे परस्परांपासून काय काय घेतात, हा प्रश्न वैद्यकाचा आहे तितकाच तो समाजेतिहासाचाही आहे. नाकाची ठेवण, केसांचा रंग, आवाजाचा पोत या गोष्टी रक्ताच्या नात्याने येतात. खोकला, खरूज, पडसे या गोष्टी एका छपराखाली राहिल्याने येतात. प्रत्यक्ष व्यवहारात मात्र ही दोन प्रकारची देणी वेगळी ओळखता येत नाहीत, कारण ज्यांचे रक्त एक असते त्यांचीच बहुधा चूलही एक असते. आपल्या भाषेत यासाठी दोन नेमके शब्द आहेत. जातीजातींमधील संबंधांचे वर्णन करताना आपण ‘रोटीव्यवहार’ व ‘बेटीव्यवहार’ असे भेद करतो. स्थूलमानाने असे म्हणावयास हरकत नाही की, जंतू रोटीव्यवहाराच्या वाटेने फिरतात आणि जनुके बेटीव्यवहाराच्या वाटेने. ज्या रोगाच्या बाबतीत या दोन वाटांची गल्लत सर्वाधिक काळ टिकली आणि जिची किंमत असंख्य कुटुंबांनी मोजली, तो रोग म्हणजे कुष्ठरोग अथवा महारोग होय.

प्रस्तुत लेखात या गल्लतीचा मुंबई इलाख्यापुरता इतिहास मांडावयाचा आहे. हा इतिहास केवळ चुकीच्या समजुतीचा आणि तिच्या निरसनाचा आहे असे मात्र समजू नये. धर्मशास्त्रकार, वैद्य, न्यायाधीश, शासकीय अधिकारी व संशोधक यांपैकी प्रत्येकाने ‘हा रोग घराण्यात चालतो’ या एकाच निरीक्षणापासून सुरुवात केली आणि प्रत्येकाने त्यातून वेगळा निष्कर्ष काढला. ते निष्कर्ष कोणत्या पुराव्यावर उभे होते आणि पुढे त्यांचे काय झाले, हे पाहणे उद्‌बोधक ठरेल.

२. प्राचीन मत: ‘संचारी’ या शब्दाचे दोन अर्थ

मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात विवाहासाठी वर्ज्य मानलेल्या दहा कुळांची यादी आहे. तीत क्षय, अग्निमांद्य, अपस्मार, श्वित्र म्हणजे पांढरे कोड आणि कुष्ठ यांनी ग्रस्त कुळांचा समावेश आहे. याज्ञवल्क्यस्मृतीच्या आचाराध्यायात हीच गोष्ट अधिक मार्मिक शब्दांत येते. कुळ कितीही संपन्न असले तरी ते ‘संचारी’ रोगाने दूषित असल्यास तेथील कन्या करू नये, असे ती सांगते. ‘संचारी’ म्हणजे एकाकडून दुसऱ्याकडे जाणारा. आजच्या वाचकाला हा शब्द संसर्गाचा वाचक वाटेल. परंतु चालुक्यांच्या कल्याणीत बाराव्या शतकाच्या आरंभी मिताक्षरा लिहिणारा विज्ञानेश्वर त्याचा अर्थ शुक्रशोणिताच्या द्वारे संततीत शिरणारे रोग असा करतो. म्हणजे शब्द संसर्गाचा आणि अर्थ अनुवंशाचा, अशी ही स्थिती आहे.

आयुर्वेदातही ही दुहेरी दृष्टी आढळते. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात रोगांचे वर्गीकरण करताना शुक्रशोणितदोषांपासून उद्‌भवणाऱ्या ‘आदिबलप्रवृत्त’ रोगांची उदाहरणे म्हणून कुष्ठ व अर्श यांचा निर्देश केला आहे. त्याच संहितेच्या निदानस्थानात, कुष्ठाच्या प्रकरणात, दीर्घ सहवास, अंगस्पर्श, निःश्वास, एकत्र भोजन, एका शय्येवर निजणे, दुसऱ्याची वस्त्रे, माला व अनुलेपने वापरणे यांमुळे एकाकडून दुसऱ्याकडे जाणाऱ्या रोगांची गणना येते आणि तिचा आरंभच कुष्ठापासून होतो. शुक्रशोणित दूषित असलेल्या स्त्रीपुरुषांचे अपत्यही कुष्ठी होते, हे विधानही त्याच प्रकरणात आहे.

येथे एक खबरदारी घेणे अवश्य आहे. प्राचीन ग्रंथांतील ‘कुष्ठ’ हा शब्द त्वचारोगांच्या एका मोठ्या गटाचा वाचक असून त्यात आज आपण कुष्ठरोग म्हणतो त्यासह अन्य अनेक विकार येतात. त्यामुळे सुश्रुताने आधुनिक जंतुशास्त्र आधीच सांगून ठेवले होते, असा अभिनिवेश धरण्याचे कारण नाही. आपल्या दृष्टीने महत्त्वाची बाब एवढीच की, वारसा व संसर्ग ही दोन स्पष्टीकरणे परस्परविरोधी आहेत असे त्या परंपरेला वाटत नव्हते. एकाच रोगाला दोन्ही वाटा असू शकतात, असे ती गृहीत धरीत होती.

३. दायभागाचा कायदा आणि रोग्याचा मुलगा

‘वारसा’ या शब्दाचा दुसरा, मालमत्तेचा अर्थही या इतिहासात गुंतलेला आहे. याज्ञवल्क्याने व्यवहाराध्यायात दायाला अपात्र ठरणाऱ्यांची यादी दिली आहे. क्लीब, पतित, पंगू, उन्मत्त, जड, अंध यांच्या जोडीने असाध्य रोगाने पीडित असलेला मनुष्यही तीत येतो. अशा व्यक्तीला मालमत्तेचा हिस्सा मिळत नसे, तिला केवळ अन्नवस्त्राचा अधिकार असे. ब्रिटिश अमदानीत हाच नियम हिंदु कायदा म्हणून न्यायालयांपुढे आला आणि महारोगी भावाचा हिस्सा नाकारणारे भाऊबंदकीचे दावे उभे राहिले. अनंत विरुद्ध रमाबाई या १८७७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निवाड्यात मुंबई उच्च न्यायालयाने असा दंडक घातला की, केवळ बधिरतेचा सौम्य प्रकार असल्यास वारसाहक्क जात नाही, रोग स्रावी व व्रणयुक्त स्वरूपाचा असला तरच तो जातो. रोगाच्या प्रकारावर कायद्याचा परिणाम अवलंबून ठेवल्यामुळे वैद्यकीय निदानाला मालमत्तेच्या दृष्टीने विलक्षण महत्त्व आले.

परंतु या नियमाची एक बाजू अभ्यासकांच्या नजरेतून बहुधा निसटते. अपात्र ठरलेल्याच्या लगतच्या श्लोकातच याज्ञवल्क्य असे सांगतो की, त्याचे पुत्र निर्दोष असल्यास ते हिस्सेदार होतात. म्हणजे बापाचा रोग मुलाला आपोआप येतो, असे दायभागाचा कायदा मानीत नव्हता. मुलाच्या अंगी दोष आहे की नाही, हे तो स्वतंत्रपणे पाहत होता. याउलट विवाहविषयक नियम मात्र व्यक्तीकडे न पाहता अखंड कुळच वर्ज्य करीत होता. एकाच स्मृतीत, एकाच रोगाविषयी, मालमत्तेच्या प्रसंगी व्यक्तीचा विचार आणि सोयरिकीच्या प्रसंगी कुळाचा विचार, असे हे दोन मापदंड आहेत. पुढील काळात लोकव्यवहारात टिकून राहिला तो दुसरा. निरोगी मुलाला बापाची जमीन मिळे, पण सोयरीक मिळत नसे.

दायविषयक अपात्रता १९२८ च्या अपात्रता-निवारण कायद्याने बव्हंशी रद्द झाली आणि १९५६ च्या हिंदु उत्तराधिकार अधिनियमाने रोग हे वारसा नाकारण्याचे कारण होऊ शकत नाही, असे निःसंदिग्धपणे ठरविले. विवाहाच्या क्षेत्रात मात्र १९५५ च्या हिंदु विवाह अधिनियमात उग्र व असाध्य कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण म्हणून नव्याने दाखल झाले. ते कारण २०१९ च्या वैयक्तिक कायदे दुरुस्ती अधिनियमाने काढून टाकण्यात आले. मालमत्तेचा वारसा आणि विवाहाचा संबंध यांच्या मुक्ततेत सहा दशकांहून अधिक अंतर पडावे, ही गोष्ट या प्रश्नाचे मर्म कोठे होते ते दाखविते.

४. डॉ. कार्टर यांचे मतांतर

एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला युरोपीय वैद्यकातही अनुवंशाचे मतच प्रबळ होते. नॉर्वेतील बर्गेन येथे डॅनिएल्सन व बोक यांनी १८४७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात हा रोग आनुवंशिक असल्याचे प्रतिपादन होते. लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने ब्रिटिश साम्राज्यभर प्रश्नावली पाठवून जमा केलेल्या उत्तरांवर १८६७ मध्ये जो अहवाल दिला, त्यात हा रोग सांसर्गिक नाही असा निर्वाळा होता.

या वातावरणात मुंबई इलाख्यात कुष्ठरोगाचा पद्धतशीर अभ्यास करणारा पहिला मोठा संशोधक म्हणजे डॉ. हेन्री व्हॅन्डाइक कार्टर (१८३१–१८९७). ‘ग्रेज अ‍ॅनाटमी’ या जगप्रसिद्ध ग्रंथाची चित्रे काढणारे ते हेच कार्टर. १८५८ मध्ये, म्हणजे तो ग्रंथ प्रसिद्ध झाला त्याच वर्षी, ते मुंबईस आले. ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांनी अध्यापन केले, पुढे सातारा येथे सिव्हिल सर्जन म्हणून काम केले आणि कालांतराने ते त्या कॉलेजाचे प्राचार्यही झाले. आरंभीच्या काळात कार्टर यांचा कलही अनुवंशाकडेच होता. रोग्यांची चौकशी करताना त्यांच्या आप्तांत हाच रोग असल्याचे वारंवार आढळून येई, आणि घराण्यात चालणारा रोग तो आनुवंशिक, हे अनुमान स्वाभाविक वाटे.

रजेवर असताना १८७३ मध्ये कार्टर नॉर्वेस गेले. त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत डॅनिएल्सन यांचे जामात गेऱ्हार्ड आर्मौअर हान्सेन यांनी रोग्याच्या गाठींतील द्रवात दंडाकार सूक्ष्म कण पाहिले होते. सासरा अनुवंशवादी आणि जावई जंतुवादी, अशा त्या बर्गेनमध्ये कार्टर यांनी दोन्ही बाजू ऐकल्या, रुग्णालये व रोग्यांची राष्ट्रीय नोंदणी पाहिली आणि १८७४ मध्ये नॉर्वेतील कुष्ठरोग व आश्रम यांविषयी अहवाल प्रसिद्ध केला. हान्सेन यांचे मत इंग्रजी भाषेतील वैद्यकजगतापुढे मांडणाऱ्यांत कार्टर हे अग्रणी होत. मुंबईस परतल्यावर त्यांनी जंतूचा व विलगीकरणाचा पुरस्कार सातत्याने केला. १८७७ च्या मुंबईतील साथीत पुनरावर्ती ज्वराचे सर्पिल जंतू रोग्यांच्या रक्तात त्यांनी स्वतः पाहिले, ही गोष्ट लक्षात घेता जंतुवादाकडे त्यांचे वळणे हे केवळ परमताचा स्वीकार नव्हते असे दिसते.

याच सुमारास डॉ. भाऊ दाजी लाड हे मुंबईत कडू कवठाच्या बियांच्या तेलाने महारोग्यांवर उपचार करीत होते. त्यांनी आपली कृती गुप्त ठेवली आणि १८७४ मध्ये त्यांचे निधन झाले. उपचार होऊ शकतो असा विश्वास बाळगणारा वैद्य व कारणमीमांसा शोधणारा शवविच्छेदक, असे दोन स्वतंत्र प्रवाह एकाच शहरात एकाच वेळी वाहत होते. अनुवंशाचे मत स्वीकारले तर उपचाराला फारसा अर्थ उरत नाही. या दृष्टीने भाऊ दाजींचा प्रयत्न हा त्या मताला दिलेले अबोल आव्हान होता असे म्हणता येईल.

५. सागरापार गेलेले रक्त

जंतू दिसला म्हणून वाद मिटला नाही. हान्सेन यांना तो प्रयोगशाळेत वाढविता आला नाही, आणि आजही कुष्ठजंतू कृत्रिम माध्यमात वाढत नाही. तेव्हा पुरावा प्रयोगशाळेबाहेर शोधावा लागला. हान्सेन यांनी तो मोठ्या चातुर्याने शोधला. नॉर्वेतून अमेरिकेतील मिनेसोटा, विस्कॉन्सिन, डाकोटा या प्रदेशांत सहस्रावधी कुटुंबे स्थलांतरित झाली होती आणि त्यांत काही महारोगीही होते. हान्सेन यांनी १८८८ मध्ये तेथे जाऊन त्यांच्या वंशजांची चौकशी केली. वंशजांत त्यांना हा रोग आढळला नाही. रक्त सागरापार गेले होते, परंतु एका खोलीत दाटीने राहण्याची जुनी रीत मागे राहिली होती. रोगही मागेच राहिला.

या युक्तिवादाची रचना संशोधकाने ध्यानात ठेवण्याजोगी आहे. रक्त व चूल ही दोन कारणे नेहमी एकत्र असतात तोवर त्यांपैकी खरे कोणते हे सांगता येत नाही. इतिहासाने त्यांची ताटातूट केली की मगच उत्तर मिळते.

६. माटुंगा येथील आश्रम व १८९८ चा कायदा

हवाई बेटांत महारोग्यांची सेवा करणारे फादर डेमियन १८८९ मध्ये त्याच रोगाने मरण पावले. एका बेल्जियन धर्मोपदेशकास, ज्याच्या कुळाचा या रोगाशी संबंध नव्हता, तो रोग व्हावा ही घटना अनुवंशवादावर मोठाच आघात करणारी होती. लंडनमध्ये राष्ट्रीय कुष्ठरोग निधी स्थापन झाला आणि त्याच्या वतीने १८९०–९१ मध्ये एका आयोगाने हिंदुस्थानचा दौरा केला. १८९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या अहवालाने अनुवंशाचे मत फेटाळले. तथापि संसर्गाचे प्रमाणही उपेक्षणीय आहे, सबब सक्तीच्या विलगीकरणाची आवश्यकता नाही, असे मत त्याने दिले. निधीच्या समितीतील अनेकांना हा निष्कर्ष मान्य झाला नाही. १८९७ च्या बर्लिन येथील आंतरराष्ट्रीय परिषदेने संसर्गाचा पक्ष उचलून धरला आणि पुढल्याच वर्षी हिंदुस्थान सरकारचा महारोग्यांविषयीचा कायदा झाला. तो मुख्यतः व्रणयुक्त अशा निराधार रोग्यांना आश्रमात ठेवण्यापुरता होता. म्हणजे संसर्गाची भीती शास्त्राची, पण तिची अंमलबजावणी दारिद्र्यावर, असे त्याचे स्वरूप होते.

मुंबई शहरात या कायद्यापूर्वीच, १८९० मध्ये, म्युनिसिपल कमिशनर हॅरी आर्बथनॉट अ‍ॅक्वर्थ यांच्या पुढाकाराने माटुंगा येथे निराश्रित महारोग्यांचा आश्रम उघडण्यात आला. शंकर तुकाराम शाळिग्राम यांच्या सहकार्याने ऐतिहासिक पोवाड्यांचा संग्रह १८९१ मध्ये प्रसिद्ध करणारे अ‍ॅक्वर्थ ते हेच. मराठी वाङ्मयाचे अभ्यासक त्यांना त्या कार्यासाठी ओळखतात, तर आरोग्याच्या इतिहासात त्यांचे नाव वडाळ्याच्या अ‍ॅक्वर्थ रुग्णालयाच्या रूपाने टिकून आहे. आश्रमाची वैद्यकीय धुरा डॉ. नसरवानजी होरमसजी चोक्सी यांनी सांभाळली.

विलगीकरणाच्या धोरणाने कुटुंबाचे जे केले, त्याकडे या संदर्भात विशेष लक्ष द्यावयास हवे. मिशनच्या आश्रमांत स्त्रीपुरुषांना वेगळे ठेवण्याची पद्धत होती आणि रोग्यांच्या निरोगी मुलांना आईबापांपासून दूर, स्वतंत्र वसतिगृहांत ठेवले जाई. वेगळी वाढविलेली ही मुले बहुतांशी निरोगी राहिली. आनुवंशिक मताविरुद्धचा हा सबळ पुरावा होता. परंतु तो पुरावा ज्या किमतीला मिळाला ती किंमत आईपासून तोडलेल्या मुलांनी दिली. शिवाय पुरावा हाती आल्यानंतरही समाजाने त्या मुलांना निर्दोष मानले असे झाले नाही. रोग रक्तात नाही हे शास्त्राने ठरविले, तरी सोयरिकीच्या बैठकीत तो रक्तातच राहिला. संसर्गाच्या मताने रोटीव्यवहार तोडला आणि अनुवंशाच्या मताने बेटीव्यवहार. रोग्याच्या घराला दोन्ही मतांची शिक्षा एकाच वेळी भोगावी लागली.

७. घरातच उपचार

या दुहेरी बहिष्काराला विसाव्या शतकात महाराष्ट्रातून जे उत्तर मिळाले ते प्रथम सेवेचे होते. मनोहर दिवाण यांनी १९३६ मध्ये वर्ध्याजवळ दत्तपूर येथे कार्य सुरू केले. सेवाग्रामला गांधीजींनी संस्कृत पंडित परचुरे शास्त्री यांना आश्रमाजवळ ठेवून घेऊन त्यांची शुश्रूषा स्वतः केली. बाबा आमटे यांनी १९४९ मध्ये वरोऱ्याजवळ आनंदवनाचा पाया घातला. १९५१ मध्ये वर्धा येथे गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठान स्थापन झाले आणि सर्वेक्षण, शिक्षण व उपचार या त्रिसूत्रीवर आधारलेली पद्धती तेथे विकसित झाली. रोग्याला घराबाहेर न काढता त्याच्या गावात, त्याच्या घरी औषध द्यावयाचे, हे या पद्धतीचे सार होय. डॅप्सोन या औषधाने ते शक्य केले आणि १९८० नंतरच्या दशकात आलेल्या बहुविध औषधोपचाराने रोग निश्चितपणे बरा होऊ लागला. उपचार सुरू झाल्यावर रोग्याकडून होणारा संसर्ग लवकरच थांबतो. त्यामुळे विलगीकरणाचा वैद्यकीय आधारही नाहीसा झाला. २००५ च्या अखेरीस देशातील रुग्णांचे प्रमाण दहा हजारांत एकाहून खाली आले, तथापि नवे रुग्ण आढळणे थांबलेले नाही.

८. परळची प्रयोगशाळा: जंतू आणि जनुके एका छताखाली

या इतिहासातील एक योगायोग विशेष अर्थपूर्ण आहे. डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी संघवी यांच्या समवेत १९४९ मध्ये मुंबईतील सहा अंतर्विवाही गटांच्या रक्तगटादी आनुवंशिक लक्षणांचा अभ्यास प्रसिद्ध केला. जातीअंतर्गत विवाहाची रीत जनुकांच्या वाटणीवर कोणता ठसा उमटविते, याचे ते मूलगामी विवेचन होते. याच डॉ. खानोलकरांच्या नेतृत्वाखाली १९५२ पासून परळ येथे इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटर उभे राहिले आणि तेथे १९५८ मध्ये डॉ. कमल रणदिवे व बापट या सहकाऱ्यांसह कुष्ठरोग्यांच्या ऊतींपासून एक जंतू वाढविण्यात आला. पुढे त्याच्यापासून लस करण्याचे प्रयत्न झाले. मुंबईच्या बेटीव्यवहाराचे आणि रोटीव्यवहाराचे जीवशास्त्र एकाच संशोधकाच्या देखरेखीखाली अभ्यासले गेले, असे म्हणता येईल.

१९५२ हे वर्ष मुंबईच्या आनुवंशशास्त्रात आणखी एका कारणाने संस्मरणीय आहे. डॉ. भेंडे, देशपांडे व भाटिया यांनी त्या वर्षी ‘लॅन्सेट’मध्ये अशा रक्तगटाची नोंद केली की, जो पुढे जगभर ‘बॉम्बे’ रक्तगट म्हणून ओळखला गेला. आईबाप दोघांकडून एकच अप्रभावी जनुक आले तरच तो प्रकट होतो. कुळात तो दिसतो तो केवळ रक्तामुळे, सहवासाने तो कोणालाही लागत नाही.

९. सून आणि लेक

आता मूळ प्रश्नाकडे वळू. कुष्ठरोगात अनुवंशाचा काहीच भाग नाही काय? या प्रश्नाचे आजचे उत्तर प्राचीनांच्या दुहेरी मताच्या आश्चर्यकारकपणे जवळ येते, मात्र पुराव्याच्या अगदी निराळ्या आधारावर. रोग जंतूमुळेच होतो, याविषयी शंका नाही. परंतु बहुसंख्य माणसांना या जंतूविरुद्ध नैसर्गिक प्रतिकारशक्ती असते आणि ती कोणाला किती असावी यात जनुकांचा वाटा असतो. चक्रवर्ती व फोगेल यांनी १९७३ मध्ये भारतातील जुळ्या भावंडांचा अभ्यास प्रसिद्ध केला. एकाला रोग असता दुसऱ्यालाही असण्याचे प्रमाण एकबीज जुळ्यांत सुमारे ६० टक्के, तर द्विबीज जुळ्यांत सुमारे २० टक्के आढळले. दोघांनाही रोग असलेली जुळी सहज नजरेस येतात, हा निवडीचा दोष गृहीत धरूनही या दोन आकड्यांतील अंतर दुर्लक्षिण्याजोगे नाही. २००१ मध्ये दक्षिण भारतातील कुटुंबांच्या अभ्यासात दहाव्या गुणसूत्राच्या एका भागाशी, आणि २००४ मध्ये व्हिएतनाम व ब्राझीलमधील अभ्यासांत सहाव्या गुणसूत्रावरील जनुकांशी, या प्रवणतेचा संबंध दिसून आला.

आपल्या दृष्टीने सर्वांत उद्‌बोधक अभ्यास बांगलादेशातील असून तो २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. १,०३७ रुग्ण आणि त्यांच्या संपर्कातील २१ हजारांहून अधिक व्यक्ती यांची पाहणी करताना त्या संशोधकांनी प्रत्येक व्यक्तीची दोन अंतरे मोजली. एक अंतर जागेचे: तीच चूल व तेच छप्पर, की शेजारचे घर. दुसरे अंतर नात्याचे: रक्ताचे नाते आहे की नाही, असल्यास किती जवळचे. दोन्ही अंतरे परस्परांपासून स्वतंत्रपणे परिणाम करतात, असे आढळले. एका चुलीवर जेवणारा परका आणि दुसऱ्या घरात राहणारा सख्खा भाऊ, दोघांनाही धोका असतो, परंतु तो वेगवेगळ्या कारणांनी.

महाराष्ट्रातील कुटुंबरचनेत या दोन अंतरांची ताटातूट करणारी एक रीत मुळातच आहे, हे येथे नमूद करावेसे वाटते. लेक सासरी जाते, सून घरात येते. लेकीचे रक्त माहेरचे, चूल सासरची. सुनेचे रक्त परके, चूल घरची. रोग केवळ रक्ताने चालत असता तर तो लेकीच्या मागे तिच्या सासरी गेला असता आणि सुनेला शिवला नसता. तो केवळ चुलीने चालत असता तर उलट झाले असते. मात्र या कसोटीला दोन मर्यादा आहेत. एक, या रोगाचा सुप्तावस्थेचा काळ सरासरी पाच वर्षांचा आणि क्वचित वीस वर्षांपर्यंतचा असतो. तेव्हा लेक बालपणी माहेरी घेतलेले जंतू घेऊन सासरी जाऊ शकते. दुसरी, मामाची मुलगी करण्याची रीत जेथे आहे तेथे सूनही रक्ताच्या नात्यातलीच असते. डॉ. इरावती कर्वे यांनी १९५३ मध्ये आपल्या ग्रंथात या विवाहपद्धतीचे जे प्रादेशिक चित्र रेखाटले, त्याचा उपयोग रोगेतिहासाच्या अभ्यासकालाही होण्याजोगा आहे.

१०. ठाण्याच्या परिसरात

सदर विवेचनाचा स्थानिक उपयोग कसा होईल, हे ठाण्याच्या परिसरावरून दाखविता येईल. माजिवडा, बाळकुम, कोलशेत यांसारख्या गावठाणांत आगरी-कोळी कुटुंबांच्या भाऊबंदांची घरे एकमेकांस लागून असत. अशा ठिकाणी वंशवृक्ष आणि गावाचा नकाशा हे जवळजवळ एकच होतात. पाच घरांत एक रोग आढळला तर ती पाच घरे शेजारची म्हणून, की एका पूर्वजाची म्हणून, हे जुन्या नोंदीवरून ठरविणे कठीण. आज घोडबंदर रस्ता व नाशिककडे जाणारा महामार्ग यांच्या संगमावरील त्याच माजिवड्यात उंच इमारती उभ्या आहेत. तेथे एका मजल्यावर राहणाऱ्यांचे रक्ताचे नाते नसते आणि सख्खे भाऊ निरनिराळ्या उपनगरांत राहतात. नकाशा आणि वंशवृक्ष यांची फारकत झाली आहे. जुन्या नोंदींचा अर्थ आजच्या वस्तीच्या कल्पनेने लावू नये, हा त्यातील धडा होय.

थोडे पुढे कल्याणच्या बाजूस गेल्यास हा भेद अधिक स्पष्ट होतो. कल्याण-डोंबिवलीतील हनुमाननगर ही कुष्ठरोगमुक्तांची वसाहत आहे. तेथील कार्यासाठी गजानन जगन्नाथ माने यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. तेथून जवळच, फाळणीनंतर कल्याण छावणीत आलेल्या सिंधी निर्वासितांतून १९४९ मध्ये उल्हासनगर नाव लाभलेले शहर उभे राहिले. सिंधी समाजात बीटा थॅलेसिमिया या रक्तविकाराच्या जनुकाचे प्रमाण तुलनेने अधिक आहे. आईबाप दोघेही वाहक असल्यास प्रत्येक अपत्याला हा गंभीर विकार होण्याची शक्यता चारांत एक असते, आणि विवाहापूर्वीच्या साध्या रक्ततपासणीने ती आधी कळू शकते. म्हणजे जेथे रक्ताची चौकशी उपयोगी आहे तेथे ती तपासणीच्या रूपाने करावयास हवी, आणि जेथे ती निरर्थक आहे त्या वसाहतीतील मुलांच्या सोयरिकी मात्र रक्ताच्या नावाखाली अडविल्या जातात. कुष्ठरोग्याच्या मुलाला बापाकडून मिळते ती फार तर एक प्रवणता. जंतू नसेल तर तिला काही अर्थ नाही, आणि औषधाने जंतू जातो.

११. उपसंहार

येणेप्रमाणे या इतिहासाचे तीन टप्पे दिसतात. पहिल्या टप्प्यात वारसा व संसर्ग ही दोन्ही कारणे एकत्र मानली गेली, परंतु ती वेगळी मोजण्याचे साधन नव्हते. दुसऱ्या टप्प्यात एकाचा स्वीकार म्हणजे दुसऱ्याचा त्याग, असा आग्रह धरला गेला. तिसऱ्या टप्प्यात दोन्ही कारणे पुन्हा एकत्र आली, पण या वेळी प्रत्येकाचा वाटा स्वतंत्रपणे मोजून. पहिला व तिसरा टप्पा वरवर सारखे दिसले तरी त्यांची गल्लत करणे हा इतिहासलेखनातील दोष ठरेल.

पदव्युत्तर अभ्यासकासाठी यातून कामाची दिशाही स्पष्ट होते. आश्रमांची दप्तरे, वारसाहक्काचे दावे आणि १८८१ पासून १९३१ पर्यंतच्या जनगणनांतील महारोग्यांची कोष्टके ही साधने उपलब्ध आहेत. त्यांत ‘कुटुंबात रोग आहे’ अशी नोंद जेथे आढळेल, तेथे दोन प्रश्न विचारावेत: हे रोगी एकमेकांचे कोण लागत होते? आणि ते कोणाच्या चुलीवर जेवत होते? नोंद करणाऱ्या अधिकाऱ्याने बहुधा पहिलाच प्रश्न विचारला आहे. दुसऱ्याचे उत्तर शोधणे हे इतिहासकाराचे काम आहे, आणि त्या उत्तरावर केवळ एका शास्त्रीय वादाचा निकाल नव्हे, तर रोग नसताना रोगी कुळातील म्हणून आयुष्यभर वगळल्या गेलेल्या माणसांच्या बाबतीत आपण देणार असलेला न्यायही अवलंबून आहे.